गल्ल्यातील तेलाची बाटली : श्रद्धा की मूर्तिपूजा?

प्रश्न (अहिल्यानगर)
ख्रिस्तात सलाम. आमच्या घरात मूर्ती नाही, तसबीरही नाही, आणि त्याचा आम्हांला थोडा ताठाही आहे. परंतु सासूबाईंनी एका प्रार्थनासभेतून आणलेली अभिषेकाच्या तेलाची बाटली दुकानाच्या गल्ल्यात असते, आणि सकाळी शटर उघडल्यावर तिला हात लावल्याखेरीज त्या बोहनी करू देत नाहीत. तेल तळाशी गेले की घरभर अस्वस्थता पसरते. बायबलमधील याकोबाच्या पत्रात आजाऱ्यास तेल लावण्यास सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. मग हे श्रद्धेत मोडते की मूर्तिपूजेत? आणि सासूबाईंना न दुखावता हा विषय काढावा कसा?

प्रतिसाद १ (पुणे)
२ राजे १८:४ वाचावे. रानातील पितळी साप मोशेने देवाच्याच आज्ञेने घडवला होता आणि सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून वाचलेही होते; तरीही पुढे इस्राएल लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. कराराच्या कोशाचेही (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीचेही) तेच झाले. पलिष्ट्यांकडून मार खाल्ल्यावर इस्राएलांनी तो शिलोहून छावणीत आणला, जणू कोश आला की विजय ठरलेलाच. त्या लढाईत ते हरले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला (१ शमुवेल ४). याकोब ५:१४ मध्ये आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलावतो आणि ते प्रार्थना करून तेल लावतात. तेथे देवाकडे मागणे आहे, आणि देव नाहीही म्हणू शकतो. गल्ल्यातील बाटलीकडे काही मागावे लागत नाही; मला तिचे खरे आकर्षण तेच वाटते.

प्रतिसाद २ (वसई)
मी मूर्ती असलेल्या कॅथलिक घरातून लिहीत आहे. प्रतिमांना द्यायचा मान आणि केवळ देवालाच द्यायची आराधना यांतील भेद निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ७८७ साली स्पष्ट केला, पण तो जुना वाद येथे उकरत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद २११३ मध्ये सत्ता, सुखभोग, वंश, पूर्वज, राज्यसंस्था आणि पैसा यांनाही मूर्तींच्या रांगेत बसवतो, आणि त्या रांगेपुढे आपण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांचे लोक सापडतो. मुलीसाठी स्थळ पाहताना बाप्तिस्म्याचा दाखला, नोकरी, घर सारे विचारून झाल्यावर कोणीतरी आवाज खाली आणून 'मूळचे कोण?' असे विचारतेच, आणि त्या उत्तरावर चांगली जमलेली सोयरीक मोडते. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या मंडळींतही हे घडते. तेलाची बाटली निदान डोळ्यांना दिसते.

प्रतिसाद ३ (मुंबई)
हिज्कीया राजा होता. सुनेने तोडफोडीच्या वाटेला जाऊ नये. कलस्सै ३:५ मध्ये प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, म्हणून बाटलीच्या खालच्या गल्ल्याचाही विचार व्हावा: मंदीची भीती, उधारी, शेजारी उघडलेले नवे दुकान. सासूबाईंना नेमकी कशाची धास्ती आहे, हे आधी प्रेमाने विचारा, आणि शटर उघडण्यापूर्वी दोघींनी मिळून त्याच गोष्टीसाठी मोठ्याने प्रार्थना करा. दशांश (देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा भाग) मंदीच्या महिन्यातही काढा, कारण पैशाची पकड त्यानेच सैल होते. उरलेले तेल घेऊन मंडळीच्या वडिलांसोबत एखाद्या आजाऱ्याच्या घरी जा, सासूबाईंनाही न्या आणि ते तेथेच वापरून संपवा.