मदत हवी आहे: तुमच्या खाडीत तिसऱ्या (वाळूत राहणारे खायचे शिंपले) कुठवर मिळतात?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि भाट्ये खाड्यांत तिसऱ्यांची नोंद करतेय. ओहोटीला २५ सेंमीची चौकट ठेवायची, वाळू चाळायची, मोजायचं. गुळगुळीत शिंपल्याची मेरेट्रिक्स आणि अंगठ्याखाली गोल रेघा लागतात ती पाफिया, हे तिसऱ्यांचे दोन्ही प्रकार वेगळे मोजते. उघड्या पुळणीवर लाटांच्या पट्ट्यात मात्र डोनॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या चिमुकल्या शिंपल्याच मिळतात.

अडलंय ते इथे: एकाच खाडीत पन्नास पावलांवर संख्या एकदम का घटते? पावसाळ्यात गोडं पाणी उतरून खारेपणा घटतो म्हणून, की वाळूत चिखल वाढतो म्हणून? दोन्ही कारणं वेगळी कशी काढायची?

रायगड, सिंधुदुर्ग, गोव्याकडच्यांनी कृपया सांगा: खाडीच्या मुखापासून किती आत मिळतात, कुठल्या महिन्यांत, आणि तुमच्याकडे नाव काय? मुळे, खुबे ही नावं गावागणिक बदलतात, म्हणून शिंपल्याचा फोटो जरूर टाका.