शब्दचर्चा: उपकारस्तुती म्हणजे नुसते आभार का?

मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला चर्चमध्ये गेले होते, तिथे पाळकसाहेब प्रार्थनेत सारखं 'उपकारस्तुती' म्हणत होते. आभाराचाच ख्रिस्ती शब्द आहे का हा? कारण आपण एरवी उपकार म्हटलं की ओझंच म्हणतो, कुणाचे उपकार नकोत बाबा, मग उपासनेत नेमका हाच शब्द कसा काय आला? कुणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

---

ताई, मी नगरकडचा, हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. आमची आजी भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी डोळे मिटून 'उपकार मानते प्रभू' एवढंच म्हणायची आणि मग जेवायची.

बायबलमध्ये हा शब्द फार मोठ्या जागी आलाय. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11 काढून बघा. ज्या रात्री येशूला धरून दिलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून ती मोडली. म्हणजे दुसऱ्या दिवशी क्रूस आहे, आपलं शरीरच मोडलं जाणारे हे ठाऊक असताना तो माणूस देवाचे उपकार मानतोय, मला ही ओळ अजूनही सरळ वाचून पुढे जाता येत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे युखारिस्तेओ हे क्रियापद आहे, त्यावरूनच प्रभुभोजनाला (त्या रात्रीची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) युखारिस्त म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात 'खारिस' आहे, खारिस म्हणजे कृपा. आपल्या 'उपकार'चंही तसंच आहे बघा, 'आभार'मध्ये मी काय मानतो ते आहे पण 'उपकार'मध्ये समोरच्याने काय केलं ते आहे, ते आधी आणि आपली स्तुती त्याच्या मागून.

---

आम्ही वसईचे, कॅथलिक. आमच्याकडे रोजच्या बोलण्यात उपासना नाही, मिस्सा. रविवारी 'मिस्साला गेलेलास का' असंच विचारतात. शब्द लॅटिन, शेवटी लोकांना निरोप देताना जे वाक्य म्हणत त्यातला, आणि आमच्याकडे आला पोर्तुगीजांबरोबर. 1534 ते 1739 वसई त्यांच्याकडे होती, ते गेले पण शब्द राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, 1962-65) मिस्सा लॅटिनमध्येच असायची, मराठीत आली ती त्यानंतर.

मिस्साबलिदान असंही म्हणतात. त्यावरून काही जणांना वाटतं की दर रविवारी नवीन बळी देतात की काय. तसं नाही, बलिदान एकच, क्रूसावरचं, तेच वेदीवर आपल्यासमोर येतं अशी आमची श्रद्धा. आणि गंमत म्हणजे मिस्सातल्या मुख्य प्रार्थनेची सुरुवात होते ती 'आभार मानू या' इथूनच.

---

दोघांचेही मनापासून धन्यवाद. एकच शंका, मग हे नवस फेडल्यासारखं झालं का? देवाने दिलं म्हणून आपण दिलं.

---

नाही ताई, इथेच फरक आहे. नवसात आधी मी बोलतो, मग देव देतो, मग मी फेडतो. इथे मी काही बोलायच्या आधीच देऊन झालेलं असतं. रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात पौल (येशूचा प्रेषित, हे पत्र त्याचंच) म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, म्हणजे आपण चांगले होऊ, मागू, याची वाटच पाहिली नाही. आणि मग 11 अध्याय देवाची करुणा सांगून झाल्यावर 12वा सुरू होतो तो 'म्हणून' ने, म्हणून आता तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या. त्याला तो ग्रीकमध्ये 'लात्रेइया' म्हणतो, त्याचा अर्थ सेवाही होतो आणि उपासनाही, मराठी बायबलात तिथे सेवा शब्द घेतलाय. तेव्हा 'उतराई होणे' हा शब्द मी इथे कधीच वापरणार नाही, उतराई झालं की हिशोब मिटला. त्यापेक्षा 'कृतज्ञ' बरोबर बसतो, केलेलं जाणणारा. स्तोत्रांत 'उपकारस्मरण' येतं तेही ह्याच अर्थाने, आणि प्रभुभोजनाच्या वेळीही येशू माझ्या स्मरणार्थ करा एवढंच सांगतो, फेडा म्हणत नाही.

आमच्या गावात सुगीनंतर हंगामाची उपकारस्तुती असते. वेदीपुढे बाजरीची कणसं, जोंधळ्याची पायली, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी मधेच ओरडत असते, सगळं मांडतात आणि उपासना झाली की बाहेर लिलाव. एका वर्षी आजीने आणलेला भोपळा शेजारच्यांनी बाजाराच्या चौपट भावाने घेतला आणि तिथल्या तिथे एका एकट्या म्हातारीच्या पिशवीत टाकला. इब्री लोकांस पत्रात (13वा अध्याय) 'स्तुतीचा यज्ञ' म्हटलंय आणि लगेच पुढच्याच ओळीत चांगलं करणं, आपल्यातलं दुसऱ्याला देणं, हेही यज्ञच म्हटलंय, मला ते वाचलं की तो भोपळा आठवतो.

आणि वापराचं विचाराल तर थँक्यूच्या जागी हा शब्द चालत नाही. बाप्तिस्म्याला आलेल्या पाहुण्यांचे, मांडववाल्याचे, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे पाळकसाहेब आभारच मानतात. उपकारस्तुती फक्त देवाची.