मेन बंद केला, पण इन्व्हर्टरचं काय?

पुराच्या या चर्चेत वर तुम्ही "कोयनेचे दरवाजे उघडले, रात्रीत सांगली बुडणार" हा फॉरवर्ड खोटा ठरवलात ते बरोबरच. पण नुसतं खोटं-खरं करण्यापेक्षा आकडा विचारायची सवय लावा. कोयना धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २१०० क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी नदीत येतं, आणि चॅनेलवर तेवढ्यालाही "कोयनेतून विसर्ग सुरू!" म्हणून लाल पट्टी झळकते. एक लाख क्युसेक विसर्ग चालू असला तरी एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) पाणी सुटायला पावणेतीन तास लागतात. सांगलीकरांनी बघायची ती कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी: इशारा ४० फूट, धोका ४५. क्लिपवर तारीख आणि फूट नसेल तर ती गेल्या पुराचीच धरा.

पुराच्या तयारीच्या यादीत सगळ्यांनी "मेन स्विच बंद" लिहिलंय. इन्व्हर्टर कुणाच्याच डोक्यात आला नाही. मेन पाडला की त्याला वाटतं लाईट गेली, आणि तो बॅटरीवरून त्याच्या लाईनवरच्या सॉकेटांना २३० व्होल्ट देत राहतो. म्हणून आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग मेन, आणि शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची. हे सगळं पाणी घरात शिरायच्या आत. फरशी ओली असेल तर बोर्डाला हात नको. गॅसचं तसंच. भरलेली टाकी जड म्हणून पुरात जागची हलणार नाही हा गैरसमज आहे. ती साधारण ३० किलोची, पण आतली जागाच ३३ लिटरची, त्यामुळे भरलेलीसुद्धा तरंगते. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, टाकी उभी ठेवून खिडकीच्या गजाला बांधा.