घोडीची खिंकाळी बंद, नुसती हवा बाहेर पडते. काय झालं असेल?

भंडाऱ्याचा_घोडीवाला
रामराम मंडळी. आमची घोडी कुमैत, नऊ वर्षांची, काठियावाडी रक्ताची. लग्नसराईत वरातीला, एरवी शेतावर. चंदीचा डबा वाजला की अख्ख्या आळीला कळावं अशी हिची खिंकाळी. हळूहळू आवाज बसत गेला. आता मान वर करते, नाकपुड्या फुलवते, पोट आत ओढते आणि फस्स करून नुसती हवा सोडते. ताप नाही, नाक कोरडं, खाणंपिणं ठीक. चालताना काही नाही, पण पळवली की श्वासाबरोबर घशातून शिट्टी वाजते. कोणी म्हणतं फटाक्यांचा धूर बाधला, कोणी म्हणतं नजर लागली. लिंबू-मिरची बांधून झाली बाप्पा, पुढचं सांगा.

माथेरानी_टाप
जबड्याखाली, कानामागे हात फिरवून बघा भाऊ. गाठ लागली तर स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा गाठींचा साथीचा रोग. त्यात घसा धरतो आणि एकाचा तबेलाभर होतो. तोवर बादली, तोबरा, लगाम वेगळा ठेवा.

निवृत्त_पशुवैद्य
गाठ बघाच, पण ताप आणि शेंबूड नसताना माझं मन तिकडे जात नाही. पहिली गोष्ट: आवाज बदललेल्या जनावराच्या तोंडात हात घालून घशात काय अडकलंय ते शोधू नका. रेबीजमध्येही आवाज बदलतो, गिळता येत नाही. तुमची घोडी नीट खाते आणि दुखणं हळूहळू वाढलंय, म्हणून ती शक्यता कमी. तरी कुत्रं चावल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

खरी खूण आहे ती शिट्टी. श्वास आत घेताना येते की सोडताना? आत घेताना येत असेल तर स्वरयंत्राची झडप पुरती उघडत नाहीये. ती उघडणाऱ्या स्नायूंची डाव्या बाजूची नस मेंदूकडून निघते, छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्यात चढते. एवढी लांब नस आधी दगा देते, म्हणून उंच घोड्यांत डावी बाजू लुळी पडलेली बऱ्याचदा दिसते. रेसकोर्सवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक. पण त्यात खिंकाळी सहसा घोगरी होते, अशी पार जात नाही. तुमच्याकडे दोन्ही बाजू गेल्या असाव्यात असं वाटतं, आणि दोन्ही जातात तेव्हा मी विष शोधतो.

तीन गोष्टी सांगा. मानेच्या शिरेत इंजेक्शन देताना औषध बाहेर सांडून सूज आली होती का? जवळपास कीटकनाशकाची फवारणी झाली का? ऑर्गॅनोफॉस्फेट विषाचा परिणाम काही आठवड्यांनीही दिसतो. आणि चंदीत नेमकं काय घालता?

भंडाऱ्याचा_घोडीवाला
शिट्टी आत घेतानाच. सुई नाही, फवारणी नाही. हरभरा महागला म्हणून होळीपासून लाखोळीचा, म्हणजे लाख डाळीचा, भरडा देतो, वर तिचंच कुटार (भुसा). घरची आहे, धानाच्या बांधीत होते. आवाज त्यानंतरच बसला खरा.

निवृत्त_पशुवैद्य
मग आजपासून बंद. भरडाही, कुटारही. लाखोळीतल्या विषानं माणसाचे पाय जातात म्हणून 1961 नंतर बहुतेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली, हे तुमच्या भागात कोणाला सांगायला नको. घोड्यात मात्र ती कंठ धरते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून गेलेला हाच दाणा खाऊन इंग्लंडातले ओझ्याचे घोडे असेच घरघरू लागले होते. विश्रांतीत जनावर धडधाकट, आणि पळवलं की श्वास कोंडून कोसळतं. मागचे पाय ताठरलेत का, तेही बघा.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. नाकातून दुर्बीण घातल्याशिवाय झडप दिसत नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सोय विचारा आणि सावकाश, हवेशीर गाडीतून न्या. सोबत लाखोळीचा मूठभर नमुना घ्या. गळ्याच्या आत नाकामागे हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यांत पू किंवा बुरशी झाली तरी शेजारच्या नसा दुखावतात. तेही तेव्हाच दिसेल.

खुरपं_आणि_नांगर
आमचे बैल वर्षानुवर्षं तेच कुटार खातात, काही होत नाही त्यांना.

निवृत्त_पशुवैद्य
बैल बरंच सोसतो, घोडा नाही सोसत. बैलाचा हिशेब इथे लावू नका.

भंडाऱ्याचा_घोडीवाला
डॉक्टरसाहेब, दोन वराती ठरल्यात, इसार घेतलाय. हळूहळू चालवली तर? आणि आवाज परत येईल का?

निवृत्त_पशुवैद्य
वरातीत हळू कुठे असतं? डीजे, गर्दी, पाठीवर नवरदेव, त्यात घोडी बिथरली की श्वास लागणार. तिथं कोंडली तर श्वासनलिकेला भोक पाडून नळी घालावी लागते, आणि ते करणारा रस्त्यावर मिळत नाही. दुसरी घोडी बघा, नाहीतर इसार परत करा. खुराक बदलल्यावर काही सुधारतात, काहींची नस परत येत नाही. मग शस्त्रक्रियेनं झडप ओढून बांधतात. त्यानं श्वास सुटतो, खिंकाळीची हमी मी देणार नाही. दुर्बिणीत काय दिसलं ते इथेच टाका.