स्क्वॉश मर्जमुळे 'का' हरवतं, ते कुठे जपायचं?

पायवाट
एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीची मी मेंटेनर आहे, म्हणजे आलेले बदल तपासून मुख्य कोडमध्ये मर्ज करणारी. मध्यंतरी रिट्रायच्या (जोडणी तुटली की पुन्हा प्रयत्न करणाऱ्या) कोडमध्ये एक ओळ दिसली: पुन्हा जोडणी करण्याआधी तीन सेकंद थांब. का थांबायचं, ते कुठेच नाही. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं ब्लेम (कुठली ओळ कुठल्या बदलातून आली ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं, तर चौदाशे ओळींचं एकच स्क्वॉश केलेलं कमिट, म्हणजे मर्ज करताना बदलांच्या अनेक नोंदी दाबून केलेली एक नोंद, आणि संदेश एवढाच: 'नेटवर्कची फेररचना, #३१२'. मधल्या काळात प्रकल्प दुसऱ्या होस्टवर (कोड ठेवणाऱ्या साइटवर) गेला आणि पुल रिक्वेस्टचे, म्हणजे बदल घ्यायच्या विनंत्यांचे, क्रमांक पहिल्यापासून सुरू झाले. आज #३१२ उघडलं की रीडमीतल्या शुद्धलेखनाची दुरुस्ती दिसते!

मी ओळ काढून टाकली. आठवड्याभरात तीन तक्रारी आल्या. सर्व्हरने जुनं सेशन सोडायच्या आतच आपला क्लायंट परत जोडू पाहत होता. मूळ लेखकाला मेल केला तेव्हा कळलं, की रिव्ह्यूत त्याने हे सगळं समजावून सांगितलं होतं.

माझं मत: सरसकट स्क्वॉश बंद करा आणि पुल रिक्वेस्टवरची चर्चा रेपोसोबतच (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यासोबतच) साठवा. होस्टपैकी गिटोरियस २०१५ मध्ये बंद झालं, गूगल कोड २०१६ मध्ये. बिटबकेटने २०२० मध्ये गिटसारख्याच मर्क्युरियलचा आधार काढून घेतला. होस्टच्या भरवशावर राहता येत नाही.

सरळरेषा
नाही पटलं. माझ्याकडे येणाऱ्या ब्रांचमध्ये (कोडच्या वेगळ्या शाखेत) वीस-वीस कमिटं असतात: 'तात्पुरतं', 'पुन्हा प्रयत्न', 'टायपो'. निम्म्यांचं बिल्डही होत नाही, म्हणजे त्यांतून चालणारा प्रोग्राम तयारच होत नाही. बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटने आला ते शोधणारी गिटची आज्ञा) त्यांवर अडकलं की स्किप करत बसायचं. ती वीसच्या वीस ठेवली असती तरी तीन सेकंदांचं कारण त्यांत सापडलं असतं का? चूक संदेशाची आहे. कारण लिहिलेलं नसेल तर मेंटेनरने मर्जच करू नये. आणि गिटहबवर स्क्वॉशनंतरही मूळ कमिटं पुल रिक्वेस्टच्या रेफखाली (कमिटाकडे बोट दाखवणाऱ्या नावाखाली) असतातच.

पायवाट
असतात, पण साध्या क्लोनमध्ये (रेपोच्या उतरवून घेतलेल्या प्रतीत) येत नाहीत. होस्टबरोबर तीही जातात. संदेशाचं मात्र मान्य, तो मर्ज मीच केला होता.

रात्रपाळी
लिनक्स कर्नलची पद्धत बघा. पाठवणाराच बदलाचे तुकडे पाडतो, प्रत्येक पॅचनंतर (त्या तुकड्यानंतर) बिल्ड चाललं पाहिजे आणि प्रत्येकात कारण हवं. चर्चा मेलवर होते. तिचं संग्रहण लोर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर गिट रेपोंच्याच रूपात आहे, कुणीही उतरवून घ्यावं. पुष्कळ कमिटांच्या तळाशी त्या मेलची लिंकही असते. होस्ट बदलला तरी चर्चा हातात राहते.

सरळरेषा
त्याच लिनक्सने २००५ मध्ये गिटवर येताना जुना इतिहास मागे ठेवून २.६.१२-आरसी२ पासून सुरुवात केली. काय अडलं? आणि पहिल्यांदाच दोन ओळी पाठवणाऱ्याला 'आधी रिबेस (कमिटं पुन्हा मांडून नीट करणं) शिक' म्हटलं तर तो परत येत नाही. मी अशी माणसं गमावली आहेत.

रात्रपाळी
अडलं म्हणून तर लोकांनी तो इतिहास वेगळ्या रेपोत पुन्हा उभा केला. गिट रिप्लेस या आज्ञेने तो आजच्या इतिहासाला जोडता येतो. नवख्यांचं मात्र खरं आहे. त्यांचे तुकडे मेंटेनरने पाडून द्यावेत.

कोरापान
सॉफ्टवेअर हेरिटेज हे संग्रहालय २०१६ पासून कोड आणि कमिटं जपतंय, पण रिव्ह्यूतली बोलणी त्यात नाहीत. ती जपायला माझा विरोध आहे. कुणी एकोणिसाव्या वर्षी रागात लिहिलेलं असतं, कुणी पुढे नाव बदललेलं असतं. कमिटमधलं नाव बदलायचं तर त्याचा आणि त्यापुढचे सगळे हॅश (कमिटांचे ओळखक्रमांक) बदलतात. मेलमॅपने (जुन्या नावाऐवजी नवं दाखवायला सांगणाऱ्या फाइलने) नवं नाव दिसतं, जुनं आत राहतंच. आता चर्चाही प्रत्येक क्लोनमध्ये गेली, तर ती कुणालाच मागे घेता येणार नाही. निर्णय आणि कारण नोंदवा, संभाषण नको.

पायवाट
कारण कुठलं महत्त्वाचं हे त्या दिवशी कळत नाही हो. तीन सेकंदांची गोष्ट तेव्हा कुणीच 'निर्णय' म्हणून नोंदवली नसती.

ती ओळ परत टाकली आहे, सहा ओळींच्या संदेशासह. चर्चा निर्यात करायची स्क्रिप्टही लिहितेय.

कोरापान
स्क्रिप्ट चालवण्याआधी त्यात ज्यांची नावं आहेत त्यांना विचारा. मूळ लेखकाला मेल करता आला, तसा बाकीच्यांनाही करता येईल.