टाइप १ ची मुलं मोठ्यांच्या ओपीडीत पाठवताना नर्सने काय काय करायचं?

वॉर्ड_सात:
आमच्याकडे टाइप १ डायबेटिसची (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते बाहेरूनच घ्यावं लागतं) मुलं अठरा पूर्ण झाली की मेडिसिनची, म्हणजे मोठ्यांच्या विभागाच्या नावाची, चिठ्ठी घेऊन जातात. बरीच तिथे पोचतच नाहीत. आता हे काम एका सिस्टरकडे द्यायचं घाटतंय. सुरुवात कितव्या वर्षी करायची? चिठ्ठीत काय लिहायचं?

इन्सुलिनवाली:
अठराव्या वर्षी हातात ठेवलेली चिठ्ठी म्हणजे उशीर झालेलाच असतो. तेरा-चौदापासून सुरू करा. दर भेटीत पहिली दहा मिनिटं मुलाशी एकट्याने बोलायचं, आईबाबा बाहेर. 'सकाळी किती युनिट घेतोस?' याला 'आईला विचारा' असं उत्तर आलं, तर तिथूनच शिकवायला घ्या.

सोळापर्यंत त्याला स्वतःला हे जमायला हवं: ग्लुकोज ७० च्या (मिग्रॅ/डेसीलिटर) खाली गेलं की १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ताप-उलट्या असल्या तरी बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर पुरणारं इन्सुलिन) चालूच, आणि ग्लुकोज २५० च्या वर राहिलं तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबीतून बनणारी आम्लं) बघायचे. उपासाचं तर मुद्दाम शिकवा. नवरात्रात 'जेवत नाही, मग इंजेक्शन कशाला' म्हणणारे खूप. बेसल सोडायचं नाही, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ स्टार्च, तिलाही जेवणाचा डोस लागतो. दारूचा विषय लाजून टाळू नका. यकृत दारूत अडकलं की रक्तात साखर सोडत नाही, म्हणून ग्लुकोज कित्येक तासांनी, बहुधा झोपेत घसरतं.

मेडिसिनची_सिस्टर:
पलीकडच्या बाजूने सांगते. नवा डॉक्टर, वीस वर्षांचा पेशंट, फाइल नाही; मग कधी कधी टाइप २ समजून गोळ्या सुरू होतात आणि इन्सुलिन थांबतं. त्यातून, कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणारा जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस. म्हणून चिठ्ठीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: 'टाइप १. इन्सुलिन बंद करू नये.' खाली निदानाचं साल, आत्ताचे बेसल-बोलस (बोलस म्हणजे जेवणाचा) डोस, शेवटचे तीन-चार एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कीटोअ‍ॅसिडोसिसने कधी अ‍ॅडमिट होता, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) कधी तपासलं. सगळं एका पानात. चार पानं कोणी वाचत नाही. पेशंटच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो हवाच.

सिरिंजही तपासा. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटल्या आणि इन्सुलिन पेनचं मिलिलिटरला १०० युनिटचं कार्ट्रिज, दोन्ही चालतात. पेन बिघडलं की मुलं कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या, म्हणजे ४० च्या, सिरिंजने औषध ओढतात. दहाच्या खुणेपर्यंत भरलं की आत २५ युनिट. अडीचपट! १०० साठी केशरी टोपीचीच.

परदेशी_नर्स:
इंग्लंडमध्ये नाइसची (उपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी तिथली संस्था) २०१६ ची मार्गदर्शिका आहे, मुलांना मोठ्यांच्या सेवेकडे सोपवण्याबद्दल. तिथेही तयारी तेरा-चौदापासून, आणि प्रत्येक मुलामागे एक नेमलेली व्यक्ती, बरेचदा नर्सच. मोठ्यांकडे पाठवण्याआधी आणि नंतर किमान सहा-सहा महिने तिने साथ द्यायची. खरी मेहनत 'नंतर'च्या सहा महिन्यांत असते.

वॉर्ड_सात:
वेगळं पद आम्हाला मिळणं कठीण. एका सिस्टरला बाकीची ड्यूटी सांभाळून जमेल?

इन्सुलिनवाली:
जमेल, एक वही ठेवली तर. नाव, जन्मतारीख, मोबाइल (मुलाचा, वडिलांचा नव्हे), मेडिसिनची पहिली तारीख, आला की नाही. नाही आला तर त्याच आठवड्यात फोन. बारावी किंवा सीईटीच्या महिन्यांत कोणाला पाठवू नका. शक्य असेल तर शेवटच्या एक-दोन भेटींना मेडिसिनच्या डॉक्टरांना आपल्या ओपीडीत बोलवा, ओळख झालेली असली की मूल तिकडे जातं. आणि सिस्टरच्या रजेत वही कोणाकडे राहणार, तेही आधीच ठरवा.