मदत हवी आहे: फुल लोडला स्टेबल, पण आयडलला पीसी रिस्टार्ट होतोय

मंडळी, रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर आहे, टॉवर एअर कूलर, पीबीओ (एएमडीचं ऑटो ओव्हरक्लॉकिंग) ऑन करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची बायोस सेटिंग) सगळ्या कोअरला निगेटिव्ह २० ऑफसेट दिलाय. सिनेबेंच आर२३ (फुल लोडची टेस्ट) अर्धा तास आरामात चालतं, एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर ७८ च्या वर जात नाही (लिमिट ९५ आहे, म्हणजे हीटचा प्रश्न नसावा), पण नुसता ब्राउझर उघडा ठेवून चहाला उठलं की परत येईपर्यंत पीसी रिस्टार्ट झालेला असतो, ब्लू स्क्रीन वगैरे काहीच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दरवेळी व्हीआ-लॉगर (विंडोजची हार्डवेअर एररची नोंद), इव्हेंट १८, एपीआयसी आयडी (एरर आलेल्या थ्रेडचा नंबर) ४.

एक्सएमपी (रॅमचं ओव्हरक्लॉक प्रोफाइल) बंद करून पाहिलं, बायोस अपडेट केलं, फरक नाही. ऑफसेट शून्य केला की सगळं सुरळीत, त्यामुळे पॉवर सप्लायवर संशय नाही. पण ऑफसेट पूर्ण काढायचा नाहीये, तेवढ्याच वॅटमध्ये क्लॉक छान वाढलाय.

एका कोअरला दोन थ्रेड, म्हणजे आयडी ४ आणि ५ हा कोअर २ (शून्यापासून मोजून) असं धरून फक्त त्याचाच ऑफसेट निगेटिव्ह १० वर आणू का? आणि कोअरसायकलर (एकेक कोअर वेगळा टेस्ट करणारं टूल) रात्रभर लावायचं तर एसएसई मोड पुरेल की जास्त जड लोडचा एव्हीएक्स२ पण करावंच लागेल?